काकूंकडे सरकले आणि फसले

मंडळी, हे भावाच्या फोनवरून लिहितेय. माझा गेला.

दुपारी सेवउसळ खायला निघाले होते, ती राहिलीच. फतेगंजहून शेअर रिक्षात एका बाजूला आफ्रिकेतला विद्यार्थी, दुसरीकडे अनोळखी काकू. मी फोनवर आईशी मराठीत बोलले, तशा काकू खूश. "अगं, आपलीच की तू! इकडे सरक. असल्यांचा काय भरोसा?"

सरकले. बडोद्यात रिक्षात मराठी ऐकलं की आपण विरघळतोच.

काकू उतरल्यावर बघते तर पर्स उघडी. मी ओरडून त्या मुलाकडेच वळले. मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले.

रिक्षावाला म्हणाला, "बेन, मासीचा हात पर्समध्ये दिसला, पण मला वाटलं तुमच्या घरच्याच आहेत."

मलाही तेच वाटलं होतं. खरं सांगा, तुम्ही आधी कुणाकडे वळला असतात?