पडद्यापलीकडची भूमिती

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. लातूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. देगलूरहून बदलून आलेले गणिताचे मास्तर माझ्याच खोलीत राहायचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. माझ्याशी मराठी, भाजीवालीशी कानडी, हेडमास्तरांशी उर्दू आणि झोपेत तेलुगू. एवढ्या भाषा बोलणारा माणूस त्या दिवसांत कुणाला सरळ वाटत नसे. मलाही वाटत नव्हता.

त्यांच्या तासाला वर्गाच्या खिडक्या बंद असत. मुलांना डोळे मिटायला लावून ते भूमिती शिकवत. बाहेरून जाणाऱ्याला अंधारातून नुसता त्यांचा आवाज येई. लोक कुजबुजू लागले. शिवाय जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला भर दुपारी ते धुतलेली शेरवानी चढवून निघत. कुठं म्हणून विचारलं, तर म्हणत, "फिरायला." भर उन्हात?

एकदा हेडमास्तरांनी मला बोलावून दार लावून घेतलं. "एका खोलीत राहता. जुम्म्याला ते कुठं जातात, कळवत जा."

मी चक्रावलो. मास्तर सरकारचे खबरे असतील, असं मला वाटत होतं. सरकारी माणसालाच त्यांचा संशय, मग हे कोण?

पुढच्या जुम्म्याला चप्पल शिवून आणायला निघालो. बांगडीवाल्या मनियारांच्या गल्लीत एका उघड्या दारातून तोच आवाज आला.

"अब ये लकीर आगे बढाओ. आँखां बंद करके देखो."

आत गोणपाटाचा पडदा होता. अलीकडे मास्तर बसलेले, शेजारी म्हातारा मनियार. पडद्याखालून एक पाटी बाहेर सरकली. ती उचलताना मास्तरांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

परतताना ते आपण होऊन बोलले. "पडद्यामागं त्या म्हाताऱ्याची नात हाय. लई हुशार. ती पडद्याबाहेर येत न्हाई, मी आत जात न्हाई. बोलूनच शिकवावं लागतं. गावाला कळलं तर हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे लोक आम्हाला जगू देणार न्हाईत."

"ही रीत कुठं शिकलात?"

"घरी. वडलांची नजर गेलेली. सगळं गणित त्यांनी तोंडीच शिकवलं. फळा मी लई उशिरा पाह्यला." मग थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही इकडं कसे?"

"चप्पल शिवायला."

ते बराच वेळ माझ्या पायांकडं बघत राहिले.

हेडमास्तरांना मी सांगितलं, औशाच्या रस्त्यानं फिरायला जातात. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. थोड्याच दिवसांत मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला.

वळकटी बांधता बांधता ते म्हणाले, "हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावलं होतं म्हणे."

"मी काही सांगितलं नाही त्यांना."

"बोलावलं होतं, हे मला तरी कुठं सांगितलंत?"

मी वळकटीची दोरी आवळून दिली. ते गेले.

मास्तर पळून गेले नाहीत, त्यांची बदली झाली, एवढा निरोप तरी द्यावा म्हणून मी मनियाराकडं गेलो. त्यानं दार अर्धंच उघडलं. आतला पडदा काढलेला होता.

"कौन मास्तर? हमारे इधर कोई नै पढता. चूडियाँ होना तो बोलो."

मला बांगड्या नको होत्या. तो दार लावेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.