बाबांच्या बंदुकीला दोन भोकं

माझी वहिनी ल्युदिवीन हिला एकाच डोळ्यानं दिसायचं. डावा डोळा लहानपणीच गोवरात गेला होता. उजवा मात्र घारीसारखा होता, पन्नाशी उलटेपर्यंत. मग जवळचं पुसट व्हायला लागलं. झाडीतल्या हरणाचा हललेला कानसुद्धा तिला टिपता यायचा, पण बंदूक खांद्याला लावली की नळीवरची मागची खाच धुक्यात बुडायची. खाचच दिसली नाही तर पुढची माशी, नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, तिच्यात बसवणार कशी?

आमच्याकडे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला सेंट जॉन नदीच्या काठी, नोव्हेंबरात हरीण पडलं नाही तर हिवाळाभर बटाटे आणि कुट्टूची धिरडी. पूर्वी शिकार माझा भाऊ फेर्नां करायचा. जंगलात लाकूडतोड करताना ओंडका अंगावर आला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो खाटेवर आणि बंदूक वहिनीकडे. बंदूक बाबांची, खालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की नवं काडतूस चढणारी. फेर्नां तिला रोज तेलाचं फडकं मारायचा. तेवढंच एक काम त्याच्या हाताला उरलं होतं.

एका हंगामात वहिनीनं अंदाजानं गोळी घातली आणि एका नराचा पाय फुटला. रक्ताच्या मागावर ती अंधार पडेपर्यंत फिरली, पण तो दलदलीत दिसेनासा झाला. घरी आल्यावर फेर्नां म्हणाला, "मारता येत नसेल तर निदान हाल तरी करू नकोस मुक्या जिवाचे." त्या हिवाळ्यात मांस नव्हतंच, आणि दोघांत बोलणंही फारसं राहिलं नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर ती मला घेऊन झेफिरँकाकांकडे गेली. ते गोठ्याच्या एका कोपऱ्यात बंदुका दुरुस्त करायचे.

"काका, दुर्बीण बसवा."

"कुठे बसवू? हिचं रिकामं काडतूस वरून उडतं. बसवली तरी बर्फ पडायला लागल्यावर हरणावर नेम धरशील की काच पुसत बसशील?" त्यांनी डब्यातून दोन वस्तू काढल्या. दोन्हींत खाचेऐवजी चकती, आणि चकतीच्या मधोमध बारीक भोक. "ही उभ्या दांडीवरची, लाकडी दस्त्याच्या गळ्यावर बसते, जुन्याच स्क्रूच्या जागी. डोळ्याच्या अगदी जवळ, म्हणून लख्ख दिसतं. ही दुसरी मधल्या लोखंडी पेटीच्या डाव्या अंगाला बसते. डोळ्यापासून लांब. पण पेटीला दोन भोकं पाडावी लागतील. तुझ्या जागी मी असतो तर दुसरी घेतली असती."

"भोकं पाडली तर फेर्नां मला घराबाहेर काढेल."

"खाटेवरून?"

वहिनी हसली नाही. तिनं गळ्यावरची बसवून घेतली. काका म्हणाले, "भोकाकडे बघू नकोस, भोकातून बघ. माशी हरणावर ठेव. मध्य डोळा आपोआप धरतो." तिनं दारातून समोरच्या कुंपणावर नेम धरला. "आदेल, माशी दिसतेय गं!"

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात ती उतारावर खाली बसली होती आणि हरीण वर कड्याशी आलं. मान ताणून, पुढे वाकून तिनं चाप ओढला. बंदुकीच्या धक्क्यानं ती चकतीची दांडी थेट भुवईत घुसली. हरीण निघून गेलं. तोंडावरून वाहणारं रक्त नारिंगी टोपीनं दाबत, कुंपणाला हात लावत लावत ती माझ्या दाराशी आली.

"आदेल, मला काही दिसत नाहीये. खरंच काही दिसत नाहीये."

नर्सबाईंनी टाके घातले. बुबुळाचं काय ते सूज उतरल्यावरच कळेल, म्हणाल्या. त्या दिवसांत एकदा मी गेले तर फेर्नां पाण्यासाठी ओरडत होता आणि वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हातांनी पेला चाचपडत होती. पाणी सांडलं होतं, पेला टेबलाखाली गेला होता. "मी आंधळी झाले तर याला कोण बघणार?" तिनं मला विचारलं. मी टेबलाखालून पेला काढला आणि भरून फेर्नांला नेऊन दिला.

सूज उतरली. डोळा वाचला होता, पण सारखं पाणी गळायचं. पापणी उघडल्याबरोबर तिनं बंदूक उचलली.

"कुठे निघालीस?" फेर्नां म्हणाला.

"भोकं पाडून घ्यायला."

"बाबांच्या बंदुकीला भोक पाडायचं असेल तर आधी माझ्या छातीला पाड."

"तुझ्या छातीला भोक पाडून पोट भरणार आहे का?" ती ओरडली. लग्न झाल्यापासून ती त्याच्यावर अशी ओरडलेली मी ऐकली नव्हती. फेर्नांनं भिंतीकडे तोंड केलं.

काकांनी पेटीला भोकं पाडली. नवी चकती उंच बसली, म्हणून पुढे उंच माशी लावली. पांढरी बर्फात हरवते, म्हणून पितळेची.

हंगामाचा शेवटचा दिवस शनिवार होता. पहाटेच वहिनी सीडर झाडांच्या दलदलीत जाऊन बसली. उजाडलं तरी झाडांखाली काळोखच, त्यात डोळ्यातलं पाणी. नर समोर आला आणि त्या बारीक भोकातून तिला नुसतं काळं दिसलं. काहीच नाही. तो खाली मान घालून शेवाळ हुंगत होता. तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला, गारठलेल्या बोटांनी कड्यात आट्यांनी बसवलेली चकती फिरवून फिरवून सोडवली. चकती बर्फात पडली. उरलं नुसतं मोठं कडं. "एवढ्या मोठ्या भोकातून काय नेम लागणार, वाटलं," ती मला नंतर म्हणाली. "पण वेळ कुठे होता? कडं विसरले. माशी त्याच्या खांद्यामागे ठेवली, देवाचं नाव घेतलं."

गोळीसरशी नर जागच्या जागी बसला. तिनं दुसरं काडतूस चढवलं आणि उभीच राहिली. तो उठेल, पुन्हा पाय ओढत पळेल, म्हणून तिला पुढे जायचा धीर होईना. मी आवाज ऐकून घसरगाडी घेऊन गेले तेव्हा ती हरणाच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती. आनंदाचं रडणं नव्हतं ते. मी तिला उठवलं, दोघींनी मिळून ते धूड घरी ओढत आणलं.

वहिनीनं कांदा घालून काळीज परतलं. फेर्नांनं आधी बंदूक मागितली. तेलाचं फडकं घेतलं, पेटीच्या डाव्या अंगावरून अंगठा फिरवला.

"एका गोळीत?"

"एका गोळीत."

"डावी बाजू भिंतीकडे करून टांग," तो म्हणाला. "मला दिसायला नको."

तिनं तशीच टांगली. मग त्याच्या पाठीशी उशी लावली आणि ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. तो जेवला. हिवाळाभर जेवला. त्या भोकांबद्दल मात्र त्यानं तिला कधी माफ केलं नाही, आणि तिनंही कधी माफी मागितली नाही.