लेकीसाठी सोडलेलं मीठ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या बसस्थानकावर सेलूच्या गाडीची वाट बघत होते. "आता घाई करू नका, ताई... हे गेले." मी तिथंच बाकावर बसले. रडू आलं नाही. दोन वर्षं दादाला डायलिसिसला नेता-आणता आम्ही सगळेच फार थकलो होतो.

दादाचं सेलूत किराणा दुकान. गिऱ्हाईक सांभाळत उभ्याउभ्याच शेव-चिवडा खायचा, जेवताना लोणचं मागून घ्यायचा. आमचे बाबा लकव्याने गेले, तरी रक्तदाब त्याने कधी मोजला नव्हता. पाय सुजले तेव्हा कळलं, मूत्रपिंडं गेलीत. डॉक्टर म्हणाले, हे रक्तदाबामुळे, मुलीचाही रक्तदाब तपासा. गौरी तेव्हा अकरा वर्षांची. आम्हाला हसू आलं. पण पुन्हा पुन्हा मोजला, तरी तिचा वाढलेलाच निघाला. लगेच औषध नको; मीठ, वजन, खेळ, झोप यांकडे बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना बसमध्ये दादा एवढंच बोलला, "माझं त झालं, सुनंदा. पोरीचं नाई होऊ देत."

घरातलं पापड-लोणचं बंद झालं. गौरी चिडली. "दुकानात पाकिटं लटकून राह्यली, अन् मलेच काऊन नाई?"

"तुले एकटीले नाई, बेटा. मी बी सोडलं."

त्याने चिप्सच्या माळा उतरवल्या. वहिनीने आठवड्याने परत टांगल्या. धंदा होता शेवटी... त्यावरून दोघांत अबोलाही झाला. मग संध्याकाळचं दुकान वहिनीवर टाकून तो गौरीला शाळेच्या मैदानावर नेऊ लागला. त्याला पळवत नव्हतं. सुया टोचून सुजलेला हात मांडीवर ठेवून तो पायरीवर बसायचा. आधी रडतरखडत धावणारी पोरगी पुढे खो-खोच्या संघात गेली. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, रक्तदाब ठीक आहे, असंच चालू ठेवा. दादा त्या दिवशी मनापासून हसला. दुपारी त्याचं डायलिसिस होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. गौरीने आम्हाला ताटं वाढली. ताटात मिठाच्या जागी लिंबाची फोड होती. वरण अळणी लागलं. मी सवयीने म्हटलं, "गौरी, चिमूटभर मीठ दे."

ती वरणाची वाटी हातात धरून थांबली.

"आत्या, बाबा वरून मीठ नाई घेत ना," ती म्हणाली, आणि पुढे वाढू लागली.