कमरेएवढं झाड

माझी मुलगी तिकडे मेक्सिकोत एका झाडाच्या मागे लागली आहे. चिलगोज्याच्या जातीतला पाइन, पण झुडपासारखा, कमरेपलीकडे वाढतच नाही. मोजक्या उंच शिखरांच्या माथ्यावर तेवढा उरलाय. त्यातलाही बराच वणव्यात जळाला, म्हणून ही त्याचं बी गोळा करते. माझा जन्म देवासच्या कारखान्यात गेला. झाड म्हणजे स्कूटर सावलीत लावायची सोय, एवढंच मला कळतं.

त्या सकाळी आम्ही पोहे खात होतो, तिच्याकडे आदली संध्याकाळ होती. तिने शिखरावरून व्हिडिओ कॉल केला आणि कौतुकाने झुडपं दाखवू लागली. तिच्या मागे आभाळ काळंभोर झालेलं मला दिसलं. खाली उतर म्हणेपर्यंत पडदा पांढरा झाला आणि फोन कटला.

मी भयंकर घाबरलो. लहानपणी तिला टेकडीवर नेताना मीच सांगायचो, वीज सगळ्यात उंच असेल त्यावर पडते. आता त्या माथ्यावर झाडं कमरेएवढी. म्हणजे सगळ्यात उंच माझी मुलगीच. बायकोला हे सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. ती उठली, धारच्या माहेराहून लग्नात आणलेला बाळकृष्ण देव्हाऱ्यातून काढला आणि पाण्यात ठेवला. आमच्याकडे संकट टळेपर्यंत देव पाण्यातून काढत नाहीत. एरवी मी थट्टा केली असती.

शेजारी डोकावले. "भिया, नेटवर्क गया होगा, टेंशन मत लो," म्हणाले. मला त्यांचा रागच आला. मी फोन लावत राहिलो.

ऊन पार अंगणात आलं तेव्हा फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"बाबा, मी एकदम ठीक आहे. बिजली कडकायला लागली तशी आम्ही त्या झाडांमध्येच दुबकून बसलो. आता खाली गाडीत आहोत."

बायको आधी रडली. मग तिने बाळकृष्णाला पाण्यातून काढलं आणि पदराने पुसू लागली. मी मुलीला विचारलं, आता घरी कधी येतेस.

"अजून अर्धं बी बाकी आहे, बाबा. उद्या परत वर जायचंय."

बायकोचा हात थांबला. पुसून कोरडा केलेला बाळकृष्ण तिने पुन्हा पाण्यात ठेवला.