लिंबाच्या रसातला बटाटा

तीन परीक्षानळ्यांत बटाट्याचा कीस होता. एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबाचा रस, तिसरीत खाण्याच्या सोड्याचं पाणी. नववीच्या मुलांनी स्वतः पेरॉक्साइड घालून कुठे किती फेस येतो ते पाहावं, म्हणून मी हा प्रयोग आखला होता. विज्ञानाच्या जुन्या सरांनी नळ्या स्वतःच्या टेबलावर ओढल्या आणि निष्कर्ष आधीच फळ्यावर लिहून टाकला.

“सर, मुलांना करू द्या ना. ॲसिडिटी बदलली की...”

“ॲसिडिटी? थंड दूध प्या मॅडम, बरं वाटेल!”

वर्ग हसला. नेहमीसारखी मीही हसले.

सरांनी स्वतःच नळ्यांत पेरॉक्साइड ओतलं. पाण्यातला बटाटा फसफसून वर आला. लिंबातला गप्प पडून राहिला. बटाटा एकच, त्यातलं फेस आणणारं एंझाइमही तेच. पण फार आंबटात राहिलं की एंझाइमचा आकारच बिघडतो. मग धुऊन साध्या पाण्यात ठेवलं तरी पूर्वीसारखा फेस येत नाही. शिक्षकांच्या खोलीत मला ‘अबोल’ म्हणतात. मला त्या शब्दाची चीड आहे. रस किती आंबट आहे, हे कुणीच विचारत नाही.

“काय मॅडम, पटलं ना?” सर म्हणाले.

“नाही,” मी म्हणाले आणि डस्टर घेऊन निष्कर्ष पुसून टाकला. “आधी मुलं करतील.”