मामांच्या व्हॉइस नोटा

माझ्या बायकोच्या मामांचा व्हॉइस नोटवर जेवढा जीव आहे, तेवढा ती सोय ज्याने काढली त्याचाही नसेल. मामांचं उभं आयुष्य वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून गेलं. पाठीवर गोणी आणि समोर उलटा येणारा ट्रक, अशा वेळी 'बाजूला व्हा' हे नुसतं म्हणून भागत नाही, ते पार पलीकडच्या गाळ्यापर्यंत पोचवावं लागतं. त्यामुळे 'हळू बोलणं' हा प्रकार मामांना ऐकूनही माहीत नव्हता. निवृत्त होऊन ते करंजाड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि बाजारात रोज खर्च होणारा तो सगळा आवाज घरात शिल्लक पडायला लागला. सोसायटीत तो संपवायला जागा नव्हती. मुलाने मग त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि माइकच्या चिन्हावर अंगठा कसा दाबून धरायचा ते शिकवलं. बाकी फोनमध्ये काय काय असतं याची चौकशी मामांनी आजतागायत केलेली नाही.

नोट रेकॉर्ड करायची त्यांची एक पद्धत होती. आधी फोनवर फुंकर मारायची, मग तो तोंडासमोर ताटासारखा आडवा धरायचा आणि घसा खाकरून सुरुवात करायची: "करंजाड्यावरनं मामा बोलतोय." हे नातेवाइकांच्या ग्रुपवर, जिथे त्यांचं नाव, फोटो आणि आवाज सगळ्यांना पाठ होता. पुढे ते एकेकाला हाक मारून ज्याचं त्याला सांगत. "सुनबाई, तू ऐक. बाकीच्यांनी कान बंद करा." एवढी ताकीद दिल्यावर पुढचं खाजगीच राहतं अशी त्यांची खात्री होती. माझ्या मेव्हण्याच्या मूळव्याधीची बातमी अशीच बाकीच्यांनी कान बंद करून ऐकली. शिवाय ते नोटेत प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत. "जावईबापू, जेवला का?" मग थोडा वेळ पंख्याची घरघर आणि कुकरची एखादी शिट्टी. मग "बरं." मी काय उत्तर दिलं असं त्यांना वाटत होतं, कोण जाणे, पण त्यांचं समाधान झालेलं असायचं.

अंगठा वर सरकवला की रेकॉर्डिंग आपोआप चालू राहतं, हा शोध त्यांना नकळत लागला. त्या दिवशी त्यांची सगळी बाजारफेरी ग्रुपवर येऊन पडली. लिफ्टचं दार, वॉचमनशी झालेली हवापाण्याची चर्चा आणि शेवटी कोळंबीवरून जुंपलेलं भांडण. "कालची दिसतीय," मामा म्हणत होते. मासळीवाली मावशी तिथल्याच गावची. ती म्हणाली, "काका, पानी बी सुकला नाय अजून तिचा. तुमचा आवाज ऐकून मेली ती." मामा यावर मोठ्याने हसले आणि त्यांनी कोळंबी घेतली. ती नोट आमच्या नात्यात अजून फिरते आहे.

पण मामांचा खरा विक्षिप्तपणा पुढेच आहे. स्वतःच्या नोटा ते रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ऐकत. ऐकताना मान हलवत, मधूनच "बराबर बोललो" असा शेरा मारत. दुसऱ्याची नोट मात्र त्यांनी कधी ऐकली नाही. फोनची जागा भरली म्हणून मुलगा एकदा जुन्या नोटा पुसायला बसला. मामा म्हणाले, "लोकांच्या पूस. माझ्या असू देत." मुलाने सांगितलं, "बाबा, लोकांच्या तर तुम्ही उघडल्याच नाहीत. आपोआप उतरतायत नुसत्या." त्यावर मामांनी शांतपणे समजावलं, "अरे, ज्याला काम असंल त्यो फोन करंल की. नोट बोलायसाठी असती." मुलाने नाद सोडला आणि आपल्या लग्नाचे व्हिडिओ पुसले.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मामांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी करंजाड्यातल्या बांधकामांच्या धुळीला दोष दिला. मामी हळद-दूध देत राहिल्या. पण आवाज सुटेना, उलट बोलताना फाटायला लागला. शेवटी मुलाने पनवेलच्या डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली आणि तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात कुणी टीव्हीसुद्धा लावला नाही. मी भेटायला गेलो, तर मामा पलंगावर बसून माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांनी हाताने 'चहा घ्या' अशी खूण केली. ती खूण पाहून मला जेवढी भीती वाटली, तेवढी डॉक्टरांचं बोलणं ऐकूनही वाटली नव्हती.

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. पण डॉक्टरांनी बजावलं, जखम भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, आणि पुढेही आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही. मामी मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं ह्यांना गप बसा म्हणत आले. आता बसलेत, तर घर खायला उठतंय."

बोलता येत नाही म्हटल्यावर मामांनी काय करावं? त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्यांच्या नोटा ऐकायला घेतल्या. मेव्हण्याच्या ऐकल्या, माझ्या ऐकल्या, आणि मग गावाकडच्या आक्काच्या उघडल्या.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, माझ्या बायकोची मावशी. यजमान गेल्यापासून ती साताऱ्याकडच्या गावी एकटी राहते. शेजारच्या सुनेने तिला नोट लावून ऐकायला आणि बोलून पाठवायला शिकवलं होतं. मामा तिला रोज नोट पाठवत: "आक्का, जेवलीस का? ... बरं. गुडघा काय म्हनतोय? ... बरं." त्या मोकळ्या सोडलेल्या जागांची उत्तरं आक्काने प्रत्येक वेळी वेगळी नोट करून पाठवली होती. सगळी तशीच पडून होती. मामा दिवसभर गॅलरीत बसून ती ऐकत राहिले. काय खाल्लं, म्हैस कधी व्याली, गुडघ्याची सूज कुठल्या तेलाने उतरली. त्यातच एक नोट पावसाळ्यातली होती. आक्का मोरीत पाय घसरून पडली होती आणि शेजारीण येईपर्यंत तिला उठता आलं नव्हतं. "लागलं न्हाई फारसं," ती म्हणत होती. "पन पडल्या पडल्या तुझी आठवन आली. तू इचारतूस रोज, म्हनून सांगितलं."

मामांनी ती नोट मामींना ऐकवली. मग कपाटातून पिशवी काढून त्यात आपला सदरा भरायला लागले. मामींनी मला फोन केला. "ह्यांना गावी जायचंय, आत्ताच. मुलाला सुट्टी न्हाय. तुमी नेता का? आणि वाटंत तोंड उघडू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन निघालो. खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत मामांनी एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त मी गाडी जोरात घेतली की माझ्या गुडघ्यावर हात ठेवत.

आक्का अंगणात घेवडा निवडत बसली होती. ऑपरेशनचं मामींनी तिला कळवलं होतं, पण आम्ही येतोय हे सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरलेल्या भावाला पाहून ती उठायला लागली. मामा झपाट्याने पुढे गेले, तिला खाली बसवलं आणि स्वतःही तिच्यासमोर मातीतच बसले. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. आक्काने लगेच त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नगंस. डाक्टरनं सांगितलंय न्हवं?"

मामांनी खिशातून फोन काढला आणि तिची ती मोरीतली नोट लावली. आक्काने आपलाच आवाज ऐकला. कधीची नोट आहे हे तिला उमगायला थोडा वेळ लागला.

"आत्ता ऐकलीस व्हय?" ती म्हणाली.

मामांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

"मला वाटायचंच. बरं वाटलं का, म्हनून कदी इचारलं न्हाईस." तिने शेंगांची सुपली त्यांच्याकडे सरकवली. "आता आलायस तर निवड. आन् आता माझं ऐक."

आम्ही तिथे दोन दिवस राहिलो. आक्का बोलत होती आणि मामा शेंगांच्या शिरा काढत ऐकत होते. विहिरीचं पाणी, जावेची सून, लहानपणी दोघांनी मिळून चोरलेली बोरं, यजमानांचं शेवटचं आजारपण. त्या आजारपणातलं बरंचसं मामांना ठाऊकच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. निघताना त्यांनी तिची पिशवीही भरली. तिने दोन वेळा नको म्हटलं. तिसऱ्या वेळी मात्र नको न म्हणता दाराला कुलूप लावलं, म्हैस शेजाऱ्यांच्या हवाली केली आणि गाडीत येऊन बसली.

आक्का आता बहुतेक करंजाड्यालाच असते. मध्ये गावी जाऊन येते, म्हशीला भेटते. मामांचा आवाज परत आला, पण तो बाजारातला आवाज नव्हे. वाऱ्याने पान हलावं एवढाच. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच. मामांच्या नोटा दोन वाक्यांच्या झाल्या. उलट आमची पंचाईत अशी, की आता ते प्रत्येकाची नोट ऐकतात आणि उत्तरही देतात, त्यामुळे कुणालाच उगाच काही बोलून मोकळं होता येत नाही.

गेल्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामा गॅलरीत आक्काला काहीतरी सांगत होते. काय ते आत ऐकू येत नव्हतं. मामींनी हातातली भांडी तशीच ठेवली, पदराला हात पुसले, बाहेर जाऊन त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावली आणि कान पुढे करून म्हणाल्या, "काय म्हणालात? परत सांगा."