विमानाला ठिबकाची नळी

आम्हाला एक चित्र पाहिजे होतं. वरून काढलेलं. खालून काढायची सोयच ठेवली नव्हती, कारण कारखान्यानं ओढाच कुंपणात घेतलाय. ओढा सरकारी, पाणी गावाचं आणि भिंत त्यांची. त्या भिंतीच्या आत एक पाइप ओढ्यात सुटतो, हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओढा आमच्या विहिरीला वळसा घालून पुढं घोड नदीला मिळतो. विहिरीच्या पाण्याला चहाच्या फडक्याचा रंग आला होता. ते पाणी प्यालेली शेवंती खालच्या पानापासून करपत वर चालली होती. आईनं पिण्याचं पाणी बाहेरून आणायला सुरुवात केली होती, आणि गाई हौदात तोंड घालून मागं सरकत होत्या.

तक्रारी केल्या, पत्रकं वाटली, उपोषणाला बसलो. उत्तर एकच: पुरावा आणा. वर एक साहेब असंही म्हणाले की, पाण्याचा रंग तुमच्याच खतांमुळं आला असेल. शेतात खत टाकणारे आम्ही, म्हणून गुन्हेगार आम्ही. वा!

शिरूरला लग्नाचं शूटिंग करणारा एक फोटोवाला आहे. नवरा-नवरीच्या डोक्यावर ड्रोन फिरवतो. आधी हो म्हणाला. जागा सांगितली तसा त्याचा चेहरा पडला. "ताई, माझी निम्मी लग्नं तिथल्याच ठेकेदारांच्या घरची. मला माफ करा." माफ केलं. दुसरं काय करणार?

मग आतल्या एका कामगाराचा निरोप आला. परवा पाहणीला सरकारी साहेब येणार, आणि ते यायच्या आधी पाइप मातीखाली जाणार. म्हणजे हातात दीड दिवस. त्यानंतर सगळं स्वच्छ, आम्ही खोटारडे.

तेव्हा मला माझं विमान आठवलं. दौंडला मामाकडं राहून कॉलेज केलं, तेव्हा रिमोटवर उडणारी विमानं बनवणाऱ्या पोरांच्यात मी एकटी पोरगी होते. गट फुटला तेव्हा एक विमान माझ्या वाट्याला आलं. पंख माझ्या दोन हातांएवढे, इंजिन खरं, इंधनावर चालणारं. मामाच्या माळ्यावर धूळ खात पडलं होतं. सकाळीच दौंड गाठलं. पंख साडीत गुंडाळले, धड काखेत मारलं आणि एस्टीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्ये काय?"

"विमान."

"मग एस्टीनं कशाला चाललाय?"

अख्खी गाडी हसली. मला हसू आलं नाही. पाटसला चढलेल्या एका बाईनं काही न विचारता पंख मांडीवर घेतले आणि चौफुल्यापर्यंत लेकरासारखे सांभाळले.

घरी येऊन ओट्यावर विमान उघडलं. कॅमेरा, रिमोट, बॅटऱ्या सगळं चालत होतं. इंधनाची बाटलीही होती, पण एक टाकी भरून वर थोडं उरेल एवढीच. मिथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रो. हे इंधन आमच्याकडं कुठं मिळत नाही. आणि टाकीच्या नळ्या बोट लावताच तुटल्या. मऊ सिलिकॉनच्या नळ्या त्या, पडून पडून वाळलेल्या शेंगेसारख्या झालेल्या.

ही टाकी म्हणजे प्लास्टिकचा चपटा डबा असतो. बुचातून पितळी नळ्या आत जातात. एकीनं इंधन भरायचं. दुसरी सायलेन्सरला जोडायची, म्हणजे धुराचा दाब टाकीत येतो आणि इंधन पुढं ढकलतो. तिसरी इंजिनाला जाते. या तिसरीला टाकीच्या आत मऊ नळीचा तुकडा असतो आणि त्याच्या टोकाला पितळेचं वजन. विमान कसंही कललं तरी इंधन जिकडं जाईल तिकडं वजन पडतं, आणि नळीचं तोंड इंधनात बुडलेलं राहतं. एवढीच सगळी करामत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, शेजारी उकिडवे बसून बघत होते. टाकी इंजिनाच्या रेषेत बसवताना बघून त्यांना राहवलं नाही.

"अगं, टाकी वर घे की. मोटारसायकलची टाकी कुठं असती? वर. ट्रॅक्टरची कुठं असती?"

"आप्पा, हे मोटारसायकल नाही. टाकी वर घेतली तर इंजिनात इंधनाचा पूर येईल, चालू करायच्या आधीच गुदमरेल. टाकीचा मध्य आणि इंजिनात इंधन सोडणारी सुई एका रेषेत पाहिजे. बोलू नका मधी."

"न्हाई बोलत."

नळी कुठून आणायची? पुण्याला जाऊन यायला वेळ नव्हता. शिरूरला दुकानं धुंडाळली. गॅसची नळी जाड, माशांच्या टाकीची सैल. दुपार टळून गेली. मी ओट्यावर डोकं धरून बसले. मग आप्पाच उठले आणि शेडातून ठिबकाची बारीक नळी घेऊन आले, झाडाच्या बुडाला थेंब सोडते ती काळी. पितळी नळीवर तिनं अशी घट्ट पकड घेतली की मी आप्पांना मिठीच मारली. टाकीच्या आतही तीच लावली, बाहेरही तीच. टाकी भरली, इंजिन लावलं. नाक वर धरलं, खाली धरलं, फुल थ्रॉटल दिलं. इंजिन डरकाळ्या फोडत होतं. एरंडेलाचा वास अंगणभर झाला. आई म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीवाणी वास येतोय."

इंजिन बंद केलं, टाकी पुन्हा काठोकाठ भरली. बाटलीच्या तळाला थोडंसं उरलं.

सकाळी वारा उठायच्या आत आप्पांनी विमान हातातून सोडलं. चढलं. वाडीवरून एक फेरी मारून हात बसवला, मग ओढ्याच्या रेषेनं भिंतीकडं नेलं. भिंतीवरची पहिली फेरी फार उंचावरून गेली, एवढ्या उंचीवरून पाइप काडीएवढाही दिसला नसता. वळवलं, खाली घेतलं. भिंत समोर आली आणि इंजिनाचा आवाज अचानक चिरका झाला. हा आवाज मी ओळखते. इंधन तुटतंय.

आणि बंद.

अशा वेळी आकाशात जी शांतता होते ती कुणाच्या वाट्याला येऊ नये. विमान तरंगत होतं. तसंच पुढं जाऊ दिलं असतं तर पाइप कॅमेऱ्यात आला असता, आणि कॅमेरा भिंतीच्या आत पडला असता. मग चित्र त्यांच्याच हातात. मी दात खाऊन विमान मागं वळवलं. नांगरटीत आपटलं. पंखा मोडला.

"संपलं का पेट्रोल?" आप्पा धापा टाकत पळत आले.

टाकी काढून उजेडात धरली. अर्धी भरलेली. आत ती काळी नळी विंचवाच्या नांगीसारखी वर वळली होती आणि वजन अधांतरी लोंबत होतं. टाकी भरलेली होती तोवर नळी बुडालेली होती. अर्धी झाल्यावर नुसती हवा ओढत बसली.

"गुंडाळीतली नळी," आप्पा म्हणाले. "वळणारच. शेतात आपण तिला आधी उन्हात लांब पसरून ठिवतो, मग अंथरतो."

"मग काल का नाही बोललात?"

"काल टाकीवरनं तू गप केलंस, मी झालो गप. आन् खरं सांगू? माझ्याबी ध्यानात आलं न्हाई. शेतात वळती ती डब्यातबी वळंल, ह्ये कुणाला सुचंल?"

भिंतीपलीकडं जेसीबीचा आवाज सुरू झाला. रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हीला वेळ नव्हता. ऊन अजून कोवळं होतं, त्यात नळी सरळ व्हायला दुपार झाली असती. आप्पांनी सायकलच्या पंक्चरचा डबा आणला. त्यात व्हॉल्व्हची रबरी नळी होती, बारीक आणि गांडुळासारखी मऊ. आतल्या तुकड्याच्या जागी ती लावली. टाकी हलवून बघितली. वजन इकडं पडलं, तिकडं पडलं, नळी निमूट त्याच्या मागं गेली. जवळ जास्तीचा पंखा होता तो लावला. बाटलीतलं उरलेलं टाकीत घातलं, तरी टाकी काही भरेना.

या वेळी फेरी-बिरी काही नाही. सरळ भिंतीवर नेलं, खाली घेतलं, ओढ्यावरून एकदा फिरवलं, परत आणलं. उतरवताना इंजिन चालूच होतं.

कार्ड मोबाइलला लावलं. पाइप होता. त्यातून तांबडं पाणी ओढ्यात पडत होतं, आणि शेजारी जेसीबी त्याच्यावर माती लोटत होता. आप्पांनी मोबाइल हातात घेतला, बघितलं, पुन्हा बघितलं.

साहेबांची जीप आली ती मी रस्त्यातच अडवली. त्यांनी चित्र बघायच्या आधी विचारलं, "हे शूटिंग कुणाच्या परवानगीनं केलं?"

"ओढ्यात पाणी सोडायला परवानगी कुणाची आहे, ते आधी सांगा."

"आवाज खाली."

"साहेब," आप्पा मधी आले, "तिचा आवाज तसलाच हाय, आईवर गेलीय. तुम्ही चित्र बघा. इमानाचा गुन्हा मागनं घाला माझ्यावर."

साहेबांनी बघितलं. थांबवून पुन्हा बघितलं. मग ड्रायव्हरला बाटल्या काढायला सांगितल्या. एक आमच्या विहिरीवर भरली, एक भिंतीखालच्या ओढ्यात. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पाण्याची बाटली कुणीतरी भरली. नंतर जीप कारखान्याच्या गेटातून आत गेली आणि बराच वेळ आतच होती. बाटल्या जीपमध्येच होत्या.

त्या बाटल्यांचा अहवाल अजून आलेला नाही. विचारायला गेलं की प्रक्रिया चालू आहे म्हणतात. ते चित्र आम्ही पत्रकावर छापलं, शिरूरच्या बाजारात वाटलं, दौंडच्या स्टेशनवर वाटलं. लोक बघतात, "हरामखोर" म्हणतात, घडी करून खिशात घालतात. पाइप आता मातीखालून वाहतो.

आप्पांनी शेवंती उपटून बांधावर टाकली. विहिरीवरची मोटार मात्र काढू देत नाहीत. रोज सकाळी चालू करतात, पहिलं पाणी ओंजळीत धरतात, वास घेतात आणि बंद करतात.